पाचाला पाच

आप्पांना कुणाच्या घरी चहाला नेलं की ते आधी छताकडे बघायचे. घरातली माणसं, नवा टीव्ही, नवा सोफा यांतलं काही त्यांना दिसायचं नाही, पंखा दिसायचा. "ह्याला कवा पुसलाय?" हा पहिला प्रश्न. उत्तर येईपर्यंत त्यांनी स्टूल ओढलेलं असायचं. वर चढून ते पात्याच्या पुढच्या कडेवरचा मळ बोटावर घ्यायचे आणि घरातल्यांच्या नाकासमोर धरायचे. "हे बघा. वारं हितं अडतंय, आन् तुम्ही पंख्याला नावं ठेवताय." आमच्या निमोण्याच्या घरी माझ्या आईसमोर हेच झालं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाच्या कार्यक्रमाला मी त्यांना बोलावलं, तर प्रवचन चालू असताना हा गृहस्थ टेबलावर चढून पंखा पुसत होता. भन्तेजींनी प्रवचन थांबवलं नाही. कार्यक्रम संपल्यावर मात्र आप्पांना शेजारी बसवून त्यांनी विचारलं, की मागच्या पंख्याचं काय करता येईल.

आम्ही दोघं शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात कामाला होतो. मी सेफ्टी ऑफिसर, ते पेंट शॉपच्या ब्लोअरचे फिटर. पेंट शॉपमध्ये पत्र्याच्या भागांवर फवाऱ्यानं रंग मारतात. तिथला रंगाचा धूर बाहेर ओढून नेणारे माणसाएवढे उंच पंखे आणि त्यांच्यापुढचे पत्र्याचे लांबलचक बोगदे म्हणजे आप्पांचं राज्य. पन्नाशी उलटलेली, अंग काटक, वरच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि खालच्या खिशात लाल लोकरीचा गुंडा. त्या लोकरीचे बोटभर तुकडे करून ते बोगद्याच्या आतल्या बाजूनं चिकटवायचे आणि भोकातून टॉर्च मारून बघत बसायचे. धागा सरळ लोळला की वारं नीट चाललंय, गिरक्या घ्यायला लागला की तिथं काहीतरी बिघडलंय. नवीन आलेल्या एका मॅनेजरांनी बोगद्यात लाल धागे बघितले आणि कुणीतरी करणी केलीय अशी त्यांची पक्की समजूत झाली. ती काढायला मला अर्धा दिवस लागला. आप्पा तेवढा वेळ बोगद्यातच होते.

"वाऱ्याला ढकलायचं नसतंय. त्याला वाट दिली की ते आपसूक जातंय," हे त्यांचं बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. लग्नात जेवणाची रांग अडली तरी तेच, आणि चौफुल्याला ट्रॅफिक तुंबलं तरी तेच.

कंपनीची बस त्यांच्या वरवंडहून निघायची, चौफुल्याला वळून न्हावऱ्याकडून आमच्या निमोण्याच्या फाट्यावर यायची. या बसच्या खिडक्या किती उघड्या ठेवायच्या हे आप्पांनी ठरवून दिलं होतं. डावीकडची तिसरी चार बोटं, उजवीकडची शेवटची पूर्ण, बाकी सगळ्या बंद. ऐन एप्रिलात बंद खिडकीशी बसलेली माणसं मनातल्या मनात त्यांना शिव्या द्यायची. पण बसनं वेग घेतला की खरोखर पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत वाऱ्याची झुळूक फिरायची. कुणा नवख्यानं खिडकी उघडलीच तर मागून आवाज यायचा, "ए भावा, वारं गळतंय तिकडनं." नवखा बिचारा खाली बघायचा, काय गळतंय म्हणून.

मी कामाला लागले तेव्हा चोविशीची होते. पेंट शॉपमध्ये पहिल्यांदा उभी राहून कानात बोळे घालण्याचं महत्त्व सांगायला लागले, तर अर्धी माणसं हसत होती आणि अर्धी मोबाईल बघत होती. आप्पा एकटे पुढं येऊन उभे राहिले. माझ्या तोंडाकडे टक लावून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बोळे घातले आणि मागं वळून म्हणाले, "म्याडम सांगतीया ते आईका." त्या दिवसापासून पेंट शॉपमध्ये माझा शब्द चालायला लागला. मला वाटलं, किती लक्ष देऊन ऐकतो हा माणूस. चारचौघांत ते मला म्याडम म्हणायचे, बसमध्ये पोरी म्हणायचे, आणि दोन्ही वेळा तोंडाकडे बघूनच बोलायचे. मी मान वळवून खिडकीबाहेर बघत काही म्हटलं तर त्यांचं उत्तर यायचं नाही. मग मला वाटायचं, रागावले.

आमच्या मोठ्या ब्लोअरला एक शिट्टी होती. बारीक, लांब, दात आंबतील अशी. ब्लोअर चालू झाला की ती सुरू व्हायची आणि पाळी संपेपर्यंत थांबायची नाही. नव्या माणसाला जुनी माणसं सांगायची, "आप्पांनी मुद्दाम ठिवलीय ती. शिट्टी हाय म्हंजी ब्लोअर चालू हाय." यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आप्पांइतकं वाऱ्यातलं कळणारा माणूस जवळपास नव्हता. त्यांनी शिट्टी ठेवली असेल तर ती हवीच असणार. मी दर महिन्याला तिथं आवाज मोजायला जायचे, आकडा लिहायचे, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे, 'नेहमीप्रमाणे'. याची मला आज लाज वाटते.

विमानांचा आप्पांना अजिबात सोस नव्हता. घरी येणाऱ्या नातेवाइकांनी विमानप्रवासाची वर्णनं केली की ते म्हणायचे, "आत बसून काय दिसणार? पंखा तर भाइर ऱ्हातोय." त्यामुळे एका सोमवारी ते बसमध्ये मांडीवर फोमचं मोडकं विमान घेऊन बसलेले दिसले तेव्हा मला हसू आवरेना. वरवंडच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना ते सापडलं होतं. लढाऊ विमानाचा आकार, एक पंख अर्धा, नाक गायब. पण त्याच्या पोटात एक नळी होती आणि नळीच्या मधोमध हाताच्या मुठीएवढा पाच पात्यांचा पंखा. पुढून हवा आत, मधे पंखा, मागून हवा बाहेर.

"काय हाय हे, सांग," त्यांनी मला विचारलं.

"विमान."

"न्हाई. ही आपली ब्लोअर लाईन हाय. फक्त हिला पंख फुटल्यात."

त्या दिवसापासून हे विमान उडवणं हा त्यांचा ध्यास झाला. मोटार आणि बॅटरी त्यांनी जुळवली, रिमोट मागवला. साध्या, नाकावर पंखा असलेल्या एका स्वस्तातल्या विमानावर हात बसवला. त्याची इतकी नाकं मोडली की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एका टोपलीत ती गोळा करून ठेवायच्या. वर्षभरात त्यांना विमान वळवता आणि उतरवता यायला लागलं. जेट मात्र उडेना. हातातून सोडलं की चाळीस-पन्नास पावलं जायचं आणि दमल्यासारखं खाली बसायचं. पंख्याची सगळी ताकद नळीतच कुठंतरी खर्च होत होती.

मग त्यांनी नळीवर काम सुरू केलं. हवा आत घेणाऱ्या तोंडाची धार घासून गोल केली, आतला सांधा पॉलिश पेपरनं इतका गुळगुळीत केला की बोट घसरावं. मागचं तोंड थोडं अरुंद केलं, पंख्याची टोकं आणि नळीची भिंत यांच्यात कागद जेमतेम जाईल एवढीच फट ठेवली. दर वेळी विमान लाकडी घोडीत नाक खाली करून अडकवायचं आणि घोडी फुलं तोलायच्या काट्यावर ठेवायची. पंखा हवा वर फेकणार, विमान काट्यावर दाबणार, जितका दाब तितका जोर. काकू शेवंतीच्या पाट्या भरून काट्यासाठी ताटकळत उभ्या. "फुलं सुकत्यात माझी," त्या म्हणायच्या. "येकच मिंट," आप्पा म्हणायचे, आणि पाऊण तास जायचा. विमानाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत काटा यायचा आणि तिथंच थांबायचा. किमान निम्मा पाहिजे होता.

पंख्यामागं जी स्थिर पाती असतात, गिरक्या घेत आलेली हवा सरळ करणारी, ती भंगारातल्या विमानात तुटलेली होती. ती आप्पांनी स्वतः पत्रा कापून बसवली होती. पाच. त्यांच्याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. "पंख्याला पाच, मागं पाच. पाचाला पाच. आपल्या मोठ्या ब्लोअरला मीच बशिवल्यात तशी. तवा त्यो थरथरायचा, आता हलतोय का बघ." मोठ्या ब्लोअरची ती दुरुस्ती त्यांच्या उभ्या आयुष्यातलं मानाचं काम होतं. साहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.

वर्षातून एकदा कान तपासणारी गाडी कारखान्याच्या आवारात यायची. गाडीत एक काचेची खोली. आत माणूस हेडफोन लावून बसतो, बाहेर टेक्निशियन बटणं दाबतो. आवाज आला की आतल्या माणसानं हात वर करायचा. नावांची यादी घेऊन मी बाजूला उभी असायचे. त्या वर्षी आप्पा आत बसले आणि मी सहज त्यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर टेक्निशियनच्या कोपरावर होती. कोपर हललं की आप्पांचा हात वर. पुन्हा हललं, पुन्हा वर. मधेच टेक्निशियनच्या नाकावर माशी बसली, त्यानं ती हाकलायला हात उचलला, आणि बटण दाबलेलं नसताना आप्पांनी हात वर केला.

ते माझ्या तोंडाकडे का बघतात, बसमध्ये उत्तर का देत नाहीत, सगळं एका क्षणात कळलं. ज्याचे कान गेले त्याला ब्लोअरच्या खोलीत काम करता येत नाही, हा नियम होता आणि तो पाळून घेणं हे माझं काम होतं. मला नियमांची इतकी हौस, की ही बाई डबा खातानाही हेल्मेट काढू देणार नाही असं लोक माझ्यामागं म्हणायचे. त्या दिवशी आप्पांच्या कागदावर 'ठीक' असं छापून आलं आणि मी खाली सही केली. ब्लोअर काढून घेतला तर या माणसाजवळ उरेल काय, एवढंच माझ्या मनात होतं.

हे मी सहा-सात महिने मनात ठेवलं. मग एका रविवारी वरवंडला त्यांच्या घरी गेले होते. अंगणात घोडी, घोडीत विमान, खाली काटा. आप्पांनी पंखा पूर्ण वेगानं सोडला आणि शिट्टी सुरू झाली. तीच, कारखान्यातली, फक्त लहान. कोंबड्या पळाल्या, काकूंनी पदर कानांवर दाबला. आप्पांच्या चेहऱ्यावर मात्र देवळात बसल्यासारखं समाधान.

"आज कसा गोड वाजतोय बघ," ते म्हणाले.

काकू मला हळूच म्हणाल्या, "त्यास्नी शिट्टी येतच न्हाई गं आईकू. कुकरची बी येत न्हाई. मी आजवर बोलले न्हाई. बोलून त्यांच्या जिवाला घोर कशाला."

मी तिथं उभी राहून विचार केला. हा माणूस दोन वर्षं नळीतला एकेक अडथळा शोधतोय, आणि अडथळा ओरडून स्वतःची जागा सांगतोय. अंगणातल्या कोंबड्यांनाही ते ऐकू येतंय. सांगितलं तर त्यांना स्वतःचे कान गेल्याचं कबूल करावं लागणार होतं, आणि नाही सांगितलं तर ते विमान जन्मात उडणार नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, त्यांना माझं तोंड नीट दिसेल अशी.

"आप्पा, हे शिट्टी मारतंय."

"कसली शिट्टी?"

"बारीक आवाजाची. कान फुटेल इतकी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. काकू खाली बघायला लागल्या. आप्पा भांडले नाहीत, काही नाही. त्यांनी फिटरनं करायचं ते केलं. आम्हा दोघींना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "शिट्टी आली की हात वर करायचा. गेली की खाली." मागं त्यांनी पंखा कमी-जास्त करायला सुरुवात केली. आमचे हात वर गेले, खाली आले, परत वर गेले. दोघींचे एकदमच. असं पाच-सहा वेळा झालं आणि पंखा थांबला. मी वळून बघितलं तर आप्पा काट्याशेजारी उकिडवे बसले होते.

"कवापासनं?"

"पयल्या दिवसापासनं," काकू म्हणाल्या.

त्यांनी थांबलेल्या पंख्याच्या नळीवर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी वारं वरडत व्हतं आन् मला कळलं न्हाई." मला रडू आलं. काकू लगबगीनं आत गेल्या आणि उगाच भांडी घासायला लागल्या.

पुढचे पाच-सहा रविवार मी त्यांचे कान झाले. ते नळीत एकेक बदल करायचे आणि मी हातानं उंची दाखवायचे, शिट्टी एवढी, आता एवढी. पुढच्या तोंडाशी कणकेचे गोळे लावून बघितले, काही फरक नाही. मागचं तोंड बदललं, फरक नाही. मग वैतागून त्यांनी पंख्यामागच्या पाच पात्यांतलं एक उपटून काढलं. माझा खांद्यापर्यंत वर असलेला हात मांडीपर्यंत खाली आला.

आप्पांना ते लगेच उमगलं. पंख्याची पाचही पाती मागच्या पाचही पात्यांसमोरून एकाच वेळी जात होती. पाच धक्के एकदम, तेही अगदी चिकटून, आणि पत्र्याची कड जाड. हवेला सुटायला वेळच मिळत नव्हता. त्यांनी चार नवीन पाती केली. कडा घासून पातळ केल्या, पंख्यापासून बोटभर मागं बसवली. पंखा सोडला. शिट्टी नव्हती. काट्यावरचा आकडा निम्म्याच्या पुढं गेला आणि तिथं टिकला. काकूंनी काट्याजवळ येऊन चष्मा लावून तो वाचला. आप्पा मात्र आनंदले नाहीत. ते हातातल्या जुन्या पात्याकडे बघत होते. मला वाटलं, दोन वर्षं फुकट गेली म्हणून वाईट वाटतंय.

ज्वारी निघाल्यावर एका रविवारी सकाळी निमोण्याच्या माळावर विमान नेलं. माझी आई आली होती, काकू आल्या होत्या, शेजारच्या वावरातली चार माणसं कामं टाकून बांधावर बसली होती. विमान मी फेकलं. ते थोडं खाली झुकलं, मग सरळ झालं आणि निघालं. बांध ओलांडला, बाभळी ओलांडल्या. आप्पांनी वळवलं, ते वळलं. बांधावरची माणसं उठून उभी राहिली.

तेवढ्यात आप्पांचा चेहरा पांढरा पडला. "बंद पडली," ते म्हणाले, "मोटर बंद पडली," आणि विमान उतरवायला त्यांनी रिमोटची वेगाची दांडी खाली ओढायला घेतली. खाली सगळा खडक होता. मोटार चालू होती, मला छान ऐकू येत होती. याआधी विमान त्यांच्यापासून इतकं लांब कधी गेलंच नव्हतं. जवळ असताना त्यांना तिची घरघर कानाला कळायची. आता घरघरही गेली होती आणि जो आवाज उरला होता तो त्यांच्या कानांच्या हद्दीबाहेरचा होता. मी ओरडले. पण त्यांची नजर विमानावर, माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि दांडी वर दाबली.

त्यांना कळलं. मान न वळवता त्यांनी विचारलं, "चालू हाय?" मी अंगठा दाबून धरला. तसंच आम्ही माळाला तीन फेऱ्या मारल्या, त्यांचा अंगठा खाली, माझा वर. उतरवताना मात्र त्यांनी माझा हात बाजूला केला आणि विमान गवतावर असं टेकवलं, की बांधावरच्या म्हाताऱ्यानं "लई झ्याक" म्हणून टाळ्या वाजवल्या.

आम्ही एका धोंड्यावर बसलो. बाकीचे विमानाभोवती जमले होते.

"आवाज कसा व्हता?" त्यांनी विचारलं.

"सुपात ज्वारी पाखडतो ना, तसा."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मोठ्या ब्लोअरला बी पाचाला पाचच हायेत. त्यो बी वरडत असंल."

मी हात खांद्याच्या वर धरून दाखवला. तेच उत्तर होतं.

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं, पोरी. पातं उपटलं त्या दिवशी. पर म्हनलं, हे उडू दे, मग बगू. सांगितलं आस्तं तर ब्लोअर त्याच दिवशी गेला आस्ता हातातनं." त्यांनी बांधाकडे बघितलं. "एका पाळीला बारा माणसं असत्यात त्या शिट्टीखाली. माझं कान गेलं ते गेलं. त्यांचं मीच घालवायला बसलोय."

"माणसं म्हणतात तुम्ही मुद्दाम ठेवलीय."

"व्हय? मग आणिकच वाईट."

"आप्पा, तुमच्या कागदावर माझी सही आहे. मी गाडीत बघितलं होतं सगळं."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यामुळे चुकायला जागा नव्हती. मला वाटलं आता चिडतील. ते म्हणाले, "म्हंजी दोघं बी गप बसलो. उद्या दोघं बी बोलू."

सोमवारी ते मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानंच सांगितलं, की शिट्टी मी लावलीय आणि मला ती ऐकू येत नाही. त्यांच्यामागून मी गेले. मला मेमो मिळाला, तो अजून माझ्या फाईलला आहे आणि तो असण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आप्पांना स्टोअरला टाकायचं ठरलं. त्यांनी एवढंच मागितलं, की ब्लोअरची पाती बदलून मग जातो. दोन सुट्ट्या आणि एक रात्रपाळी राबून त्यांनी जुनी पाती काढली, नवी चार बसवली, लाल धागे लावून खात्री केली आणि किल्ली टेबलावर ठेवली. स्टोअरमध्ये ते दीड वर्ष होते. तिथं त्यांनी रॅक अशा फिरवल्या, की समोरच्या दारातून येणारं वारं मागच्या खिडकीतून जावं. कुणाला नट सापडेनात, पण गोदामात कुणाला घाम येईना. तिथूनच ते निवृत्त झाले.

त्यांच्याशिवाय बसमध्ये बसायला मला अजून जड जातं. खिडक्या आता कुणीही कशाही उघडतो आणि मी काही बोलत नाही. आईला पंखा पुसताना बघितलं की त्यांची आठवण येऊन गलबलतं. माणूस विक्षिप्त होता, दुसऱ्याच्या घरात स्टूल मागणारा होता, पण चूक सापडल्यावर तिच्याशेजारी उकिडवा बसणारा असा दुसरा माणूस मला भेटला नाही.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास, ब्लोअर बदलल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, कान तपासणीचे कागद आले होते. पेंट शॉपमधल्या दोघांच्या कागदावरची ऐकू येण्याची रेघ दर वर्षी थोडी थोडी खाली येत होती. ते मी गेली काही वर्षं बघत होते आणि बोळे घाला म्हणून कंठशोष करत होते. या वेळी ती रेघ खाली आली नव्हती. मी ते कागद घेऊन वरवंडला गेले. दुसऱ्याचे कागद असे दाखवायचे नसतात, म्हणून मी नावावर अंगठा ठेवला होता. आप्पा अंगणात शेवंती निवडत होते. मी त्यांच्यासमोर बसले.

"ही मागच्या वर्षीची, ही यंदाची."

"वर गेली का?"

"वर जात नसते, आप्पा. गेलेलं परत येत नाही. पण खाली आली नाही."

त्यांनी हात धोतराला पुसला. एका कागदावरच्या रेघेवरून बोट नेलं, मग दुसऱ्या कागदावरच्या. मग परत पहिल्या. दोन्ही वेळा बोट एकाच जागी थांबलं. मग घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आगं, च्या टाक. पोरगी चांगली बातमी घिऊन आलीय."